गाडीची डावी बाजू

दोंडाईच्याच्या बाजारात मिरची उतरत होती,
डोळे चुरचुरायचे, त्या आठवड्यात
शालिक मास्तरांनी बँडची गाडी माझ्या दारात लावली.
"उजवीकडं मोर आहेतच. डावीकडं वाजवणारी माणसं काढ, पेंटर.
देव नको, नट्या नको."

रद्दीत एक जुनं कॅलेंडर होतं, महिने फाडून नेलेले,
चित्रं तेवढी उरलेली:
असीरियाचे वाजंत्री, दगडात.
नावात असुर, म्हणून आधी हसलो. अ-सूर!
सगळ्यांची एकच बाजू दिसते, एकच डोळा,
दाढ्या मक्याच्या कणसासारख्या ओळीत दाणेदार.
एकाच्या काखेत आडवी वीणा. तारा मोजल्या, नऊ.
एकाच्या पोटाशी नगारा, तळव्यानं वाजवायचा, टिपरू नाही.
एकाच्या तोंडात दोन नळ्या.
आणि मागं एक बाई, बोटांनी स्वतःचं नरडं दाबून
आवाज कापणारी.
माझी लिलामावशी कानबाईच्या रोटांच्या राती
गाणं उचलताना हात कानाशी नेई.
हिनं गळ्याशी नेलाय, एवढंच.

चौथ्या दिवशी बँडवाले बघायला आले.
हिलाल ढोलवाला, बशीतला चहा फुंकत:
"एक बी आपलाकडे दखस नई, भो."
मग दुसऱ्या पानावर बोट ठेवून:
"यास्ना मांगे हाऊ डांगवाला काब्र चाली ऱ्हायना?"
"सुपारीना पैसा बाकी व्हतीन," झांजवाला म्हणाला
आणि सगळी पटांगणभर हसली.

मी चित्राखालची ओळ वाचून दाखवली.
ते तिघे कैदी होते.
वाजवत चालवलेले.

दोधूनं ट्रम्पेट उलटं करून थुंकी झटकली, उगाच,
सकाळपासून ते वाजलंच नव्हतं.
मग शहाद्याकडच्या एका लग्नाची गोष्ट निघाली,
नवरदेवाचा काका, पहाटेचे तीन,
"अजून एक", "अजून एक", आणि हातात काय होतं ते
कुणी बोललं नाही.

रात्री शालिक मास्तर एकटेच परत आले.
त्यांना त्या दोन नळ्यांची बोटं बघायची होती.
डावा हात वर, उजवा खाली,
करंगळी उचललेली की तुटलेली, दगडात कळेना.
माझ्या मागच्या अंगणातल्या पपईचे दोन देठ कापले त्यांनी,
तापल्या खिळ्यानं भोकं पाडली
त्या बोटांच्या मापानं,
आणि दोन्ही एकदम ओठांत धरले.

पहिल्यांदा नुसती हवा.
मग दोन सूर निघाले, न पटणारे,
एका घरात राहून न बोलणाऱ्या भावांसारखे.
मास्तर म्हणाले, "क्लॅरनेटात ही जागाच नाही."
पुन्हा फुंकलं. गल्लीतलं कुत्रं उठून
दारापर्यंत आलं, भुंकलं नाही.
हेच वाजायचं का तिकडे, कुणाला विचारणार?
सकाळी देठ सुकून वाकडे झाले होते.

शेवटचं चित्र राहिलं होतं, मेजवानीचं.
राजा लोळत पितोय, राणी समोर,
झाडांत एक वीणावाला, बोटं तारांवर,
आणि त्याच्या जवळच्याच फांदीला
टांगलेलं एक मुंडकं. हरलेल्या राजाचं.
वीणावाला तिकडे बघत नाही.
की बघून झालंय त्याचं?

राजा मी काढला नाही. जागा नव्हती.
झाड काढलं, कडुनिंबाचं, तेच मला जमतं.
वीणावाला काढला.
फांदीवरची ती जागा दोन दिवस कोरी ठेवली.

आता गाडी फिरते. सारंगखेड्याच्या पुलावरून,
जनरेटरच्या धुरात, लग्नसराईच्या धुळीत
दाढ्या पार मातकट झाल्यात.
कुणी विचारत नाही हे कोण.
फक्त हिलालनं विचारलं, गाडी धुताना,
ओला फडका फांदीवर थांबवून:
"निंबना झाडले पपई?"

रंग उरला होता, म्हटलं.