रोजनाम्यात नसलेलं

कैफियतीला तीस दिवस, फार तर नव्वद.
डोमाजी शेंडेंना एकशे चौदा लागले.
उशीरमाफीचा अर्ज, दोनशे रुपये खर्च,
तो खर्च भरायलाही एक तारीख.
मग मुद्दे निघाले. पाच.
तिसऱ्यापाशी दावा रुतला:
‘बोडीच्या पाण्याची पाळी वादीकडे होती काय?’

इंदुमती नेवारे म्हणतात, होती. वहीत आहे.
प्रतिवादी म्हणतो, वहीच नाही.
पुढच्या तारखेला म्हणतो, आहे, पण सापडत नाही.
मग आदेश अकराखाली अर्ज, त्यावर म्हणणं,
आणि साहेबांचा हुकूम:
ताब्यात काय काय आहे ते शपथेवर सांगा.

एकोणीस वर्षं सिंदेवाहीच्या कोर्टात फायली शिवतो मी.
शपथेवर माणूस घरातलं किती सांगतो
ते माझ्या दाभणाला विचारा.

आणखी तीन तारखा.
एकदा वकील आजारी,
एकदा साहेब रजेवर,
एकदा धानाची कापणी, दोन्हीकडची.
या दाव्यात दोघांचं एकमत
तेवढ्या एका अर्जावर झालं.

वही आली खताच्या पिशवीतून,
एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.
हुकुमात वेळ नेमलेली: लिपिकासमक्ष, दुपारी दोन ते अडीच.
नक्कल उतरवावी.
खूण करू नये, पान दुमडू नये.
वीज गेलेली, म्हणून पानं शांत.

इंदुमतीबाईंनी चष्मा पुसला. बोट कागदाच्या वर
वीतभर अंतरावरून फिरवलं, नियमात बसेल असं.
‘सोमवार रात्र, नेवारे. मंगळवार पहाट, शेंडे.’
मग बोट थांबलं.
‘अक्षर माझंच आहे.
तुझ्या बाबाले लिहिता येत नव्हतं.
मी सातवीत होती.’

बाहेर वऱ्हांड्यात शेंडेंचे वकील चहा पीत होते.
वादीनंच लिहिलेला वादीचा पुरावा!
हे ऐकलं असतं तर कप तसाच ठेवून आत आले असते.
मी दार थोडं लोटून घेतलं.
तसा नियम नाही.

डोमाजी वहीवर वाकला.
समासात एक मासा, पेन्सिलीचा, मिशा मोठ्या.
‘हा मीच काढलो.’
‘पेन्सिल मी देल्ली होती.’
‘परत नाही केलो.’
‘नाही.’

एवढंच.
दोन वाजून सव्वीस मिनिटं.
उरलेली चार मिनिटं कोणीच काही पाहिलं नाही,
वही उघडीच होती.

रोजनामा: उभय पक्ष हजर. पाहणी झाली.
तक्रार नाही. पुढील तारीख अठरा.

अठराला दोघं पुन्हा भांडले, पाटाच्या रुंदीवरून,
आणि चांगलेच.
वहीला निशाणी पडली, एकोणतीस.
शिक्का मी जपूनच मारला,
तरी माशाची शेपटी थोडी
जांभळी झाली.