बिल्ला नंबर एकशे सदतीस

वकीलसाहेब, तुमचं हे टेबल आहे ना,
बरोब्बर इथंच माझी खिडकी होती.
कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा.
शिकागोचा जानेवारी; लोकरीचे ढीग छातीपर्यंत,
आणि आत पोरं उघड्या अंगानं निथळत.

दारू नव्हती. टबभर संत्री,
आणि भिंतीएवढे दोन स्पीकर.
ठोका कानात नाही, पोटऱ्यांत शिरायचा.
मग हँगर आपसूक एकमेकांवर वाजायचे
रात्रभर, कुणी हात न लावता.

ज्यांच्या तोंडावर घरच्यांनी दार लावलं होतं
ते पहाटेपर्यंत इथं कुणाचे तरी असायचे.

कॉर्डेल त्यातलाच. पोस्टात टपाल निवडायचा.
एका रविवारी उजाडता उजाडता
तसाच निघाला, नुसत्या सदऱ्यावर, बर्फात, हसत:
“लुवेनिया, राहू दे. पुढच्या शनिवारी नेतो.”
पुढच्या शनिवारी तो काउंटी हॉस्पिटलात.
नर्स ताट दारातच ठेवायच्या, हातमोजे घालून.
त्या वर्षी खूप बिल्ले परत आले नाहीत.

परवा नातीनं फोनवर काहीतरी लावलं,
बर्लिनचं म्हणाली, अगदी नवीन.
मी कोलार्डची पानं चिरत होते. सुरी थांबली.
कपाटात हँगर हलला. शपथेवर सांगते.

हं, लिहा. घर पोरीला. बँकेत फार नाही.
आणि एक कोट, उंटाच्या रंगाचा,
अस्तर उसवलेलं, खिशात संत्र्याची वाळकी साल.
तो माझा नाही.
वारसाचा रकाना कोरा ठेवता येतो का?
आमच्या खिडकीचा नियम होता:
बिल्ला आणेल, त्याचा.