तिसरी पाळी

यागोदाचे हिशेब मी लिहितो, सत्त्याण्णव सालापासून.
तिच्या संगीतातलं मला कळत नाही,
पावत्यांतलं कळतं.

पहिली पावती तिनं बुटांच्या खोक्यातून आणली:
ग्दान्स्कचा एक क्लब, सहा तास वाजवणं,
मोबदला बिअरचा एक क्रेट आणि परतीचं अर्धं तिकीट.
"अर्धं कसं?"
"कुत्नोपर्यंतचं. पुढे ट्रकवाल्यानं सोडलं."

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नद्या मात्र गिरण्यांनी केव्हाच पाताळात घातल्या,
डांबराखालून वाहतात, पाइपांतून.
यागोदा म्हणते, बेस तिथूनच येतो.
हे मी कुठल्या खात्यात टाकणार?

तिची आई लेओकादिया एकतीस वर्षं मागावर.
धोटा डावीकडे, धोटा उजवीकडे,
बायका एकमेकींचे ओठ वाचत,
आणि घरी येऊन मीठसुद्धा ओरडून मागत.
गिरणी बंद पडली तेव्हा थकल्या पगारापोटी
मिळाले फेल्टचे सात गठ्ठे,
करडे, कुणी न घेण्याजोगे.
यागोदानं त्यावर ताटली उपडी ठेवली,
खडूनं गोल आखला,
मधोमध भोक पाडलं.
तबकडीखाली घालायची पहिली चकती.
हात ठेवला की तबकडी थांबते, खालचं चाक फिरत राहतं,
हे तिनं मला तीनदा समजावलं.
चौथ्यांदा मी होय म्हणालो.

तेव्हा पोस्टरवर तिचं नाव नेहमी तळाशी.
"तुझी पाळी नंतर," पोरं म्हणत,
आणि नंतर म्हणजे पहाटेचे पाच,
फरशीवर काचा, दोघं झोपलेले, एक रडणारा.
तिनं त्या तिघांसाठी वाजवलं.
पुढे लोक पाच वाजायची वाट बघत थांबू लागले.

२००३: ओसाकाहून चार हजार चकत्यांची मागणी.
२००९: शून्य.
लॅपटॉप आले होते. शून्य मी लाल शाईनं लिहिलं, उगाचच.
तिनं कुणाला कामावरून काढलं नाही.
गाडी विकली,
इस्पितळातल्या खुर्च्यांच्या पायांना फेल्ट चिकटवायचं कंत्राट घेतलं.
शनिवारी समेवर माणसं आणायची,
सोमवारी खुर्च्या उलट्या करायची.

लेओकादिया एकदाच क्लबात आली, सत्तरी ओलांडल्यावर.
गिरणीचं जुनं रंगाई खातं होतं ते.
खांबाला टेकून उभी राहिली, कोट न काढता.
अंधार, घाम, दोनशे माणसं एका ठेक्यावर.
"अगं, ही तर तिसरी पाळी," ती ओरडली,
"फक्त कापड कुठाय?"

यंदा विम्यासाठी यागोदाचे कान तपासले.
आलेख फायलीत लावायला माझ्याकडे आला.
कपाटात खाली तिच्या आईचाही आहे,
नाकारलेल्या दाव्याला टाचलेला:
'कारण सिद्ध होत नाही.'
मी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर
एकावर एक धरले.
उजवीकडे तीच दरी, त्याच जागी.
रेघ एकच दिसत होती.

"दावा करायचा?"
ती अठ्ठावन्न वर्षांची, तबकड्यांचं खोकं भरत होती.
"नको. एक पाळी केव्हाच गेली,
ही एवढी राहू दे."
"मग कानांचं काय लिहू?"
"घसारा लिही."
दारापर्यंत गेली, परत आली.
"आणि ओलेसियाला इअरप्लग घे. मापाचे, महागातले.
कापायच्या यंत्रापाशी दिवसभर असते पोर,
आता शुक्रवारी वाजवायलाही लागलीय."

अकराला ती निघाली. मी दिवा मालवला.
ट्रामच्या रुळांपाशी वाटलं,
डांबराला कान लावून बघावा.
लावला नाही. लोक काय म्हणतील.
पाय मात्र
थोडा वेळ तिथेच ठेवले.