निपुण इसम

कायद्यात एक माणूस आहे.
त्याला नाव नाही, गाव नाही, गुडघेदुखी नाही.
जगातला प्रत्येक शोधनिबंध त्यानं वाचलाय,
बल्गेरियनमधलेसुद्धा,
आणि आजवर त्याला एकही नवी गोष्ट सुचलेली नाही.
आमचं पेटंट राहणार की जाणार
हे त्याला विचारून ठरायचंय.

सुनावणी व्हिडिओवर. पाषाणच्या आमच्या खोलीत
पंखा बंद, आवाज येतो म्हणून.
पडद्यावर धारप वकील:
जंतू जुना. त्याचं ब-दोन बनवणं जुनं.
चार जनुकं छापून आलेली.
पाचवं उघडच होतं.
उघडच, असं तीनदा म्हणाले,
कर्वे रोडवर पत्ता सांगावा तसं:
सरळ जा, डावीकडे वळा,
त्यात काय.

त्यात साडेतीन वर्षं, साहेब.
फर्मेंटरचा फेस रात्री दोनला उतू जाऊन
जिन्यापर्यंत आला
तेव्हा कुठे होता तुमचा निपुण इसम?
फडकं घेऊन मी होते.

पण मलाही कुठे सुचलं होतं?
मेमधला गुरुवार. वीज जाणार हे ठाऊक,
जनरेटरमध्ये डिझेल नाही हे कुणालाच नाही.
शेकर थांबले, फ्लास्क तापले.
सकाळी मी म्हटलं, ओतून टाका सगळं.
निलोफर अत्तारनं एक फ्लास्क खिडकीशी धरला.
मॅडम, हा पिवळा वेगळाय.

त्या पिवळ्याच्या मागे लागून जनुक सापडलं:
उष्णतेचा ताण सोसणारं, एवढीच त्याची ओळख,
जीवनसत्त्वासाठी त्याचं दार
कुणी वाजवलंच नव्हतं.

प्रतिज्ञापत्रात मी लिहिलं, 'पद्धतशीर चाळणी'.
धारपांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं:
पद्धतशीर, म्हणजे कुणीही केली असती.
खरं लिहिलं असतं तर म्हणाले असते,
मग पेटंट वीज मंडळाला द्या.

निकाल राखून ठेवला.

खाली पार्किंगमध्ये निलोफर स्कूटर काढत होती.
बोहरी आळीत तिच्या वडिलांचं रंगांचं दुकान,
लहानपणी पुड्या बांधायची तिथं,
हे मला सहा वर्षांत आज कळलं.
विचारलं, तुला कसं गं दिसलं ते?
हेल्मेटच्या आतून म्हणाली,
मॅडम, उघडच तर होतं.

मी मागं वळून पाहिलं,
कुणी ऐकलं तर नाही.