सव्वीस किलो

मामानं शिंप्याची फीत काढली
आणि माझे खांदे मोजले.
ब्लाउजसाठी नाही, झाकणासाठी.
"साडेपंधरा," तो स्वतःशीच म्हणाला, "बसतंय."
आणि पाठ फिरवून ग्राइंडर सुरू केला,
म्हणजे पुढे काही विचारायचं नाही.

रबाळ्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं
ती लाकडी घोड्यांवर पडून होती.
पोट म्हणजे बंद पडलेल्या रंगाच्या कंपनीतली हवेची टाकी,
किलोच्या भावानं आणलेली.
शेपटीला दोन मोटारी, तोंडाला एक घुमट.
गोठिवलीत अजून तिला मढव्यांचा बंब म्हणतात.
शेवटची बुडी घणसोलीच्या खाडीत.
काय दिसलं, विचारलं की म्हणायचा, चहा.
दूध घातलेला. आतून.

बेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या मापानं
त्यानं वरचं भोक कापलं होतं.
आता एकोणसाठाव्या वर्षी गुडघा आत वळत नाही,
आणि पोटाविषयी मामी बोलते, मी नाही.
भोक वाढवायचं नाही; एवढं त्याचं ठरलेलं.
माणूस बदलता येतो.

नऊ रविवार गेले.
बॅलास्टच्या टाक्या उघडल्या तर आत खाडी वाळून बसलेली,
करडा चिखल, कालवांची टरफलं,
एक निवटी, कागदासारखी, डोळे वर.
जस्ताचे ठोकळे झिजून बिस्किटाएवढे उरलेले.
"त्यांचा कामच तो," मामा म्हणाला,
"लोखंडाच्या आधी खपायचा."
नवे लावले, पण जुने फेकले नाहीत त्यानं.

मी कोपरखैरण्याला कवळ्या घासते.
अॅक्रिलिक मला कळतं.
ओरखडा कुठला आणि चीर कुठली
हे नखाला विचारायचं, मग उजेडाला.
घुमटाच्या कडेला केसासारख्या रेषा होत्या.
म्हटलं, हे पॉलिशनं जायचं नाही.
दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.
तिसऱ्या दिवशी शेडबाहेर त्याची स्कूटर नव्हती
आणि नव्या घुमटाची ऑर्डर गेली होती.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडून
सोडालाइमचा डबा आणला. पांढरे दाणे,
श्वास पिऊन जांभळे होतात.
"निम्मे जांभले झाले का वर यायचा गो.
घड्यालावर भरवसा नाय."

मग वजन.
तो अठ्ठ्याहत्तर, मी बावन्न.
पाण्याला हिशेब पुरा लागतो.
नुसती मी बसले असते
तर बुचासारखी हिंदकळत राहिली असती ती.
मामानं गॅरेज-गॅरेज फिरून
चाकांची शिशाची वजनं गोळा केली,
लोखंडी कढईत वितळवली,
त्याचा बाप जाळ्यांसाठी ओतायचा तशी.
सव्वीस किलो. सहा विटा.
सीटखाली बसवताना
प्रत्येक वीट त्यानं शर्टाला पुसली.

तुर्भ्यामागच्या खदानीचं तळं, सकाळी सात.
क्रेनवाल्या अन्सारीनं आधी व्हिडिओ काढला,
मग साखळी सोडली.
पाणी घुमटावर चढलं, पट्टीनं आखल्यासारखं.
दोरी धरलेली मामाची मूठ
सगळ्यात शेवटी दिसेनाशी झाली.
हिरवं. मग दाट हिरवं.
कातळावर सुरुंगाच्या भोकांच्या सरळ रेघा,
कुणी माणसानं उभं राहून मारलेल्या.

बारा फुटांवर
एक थेंब कपाळावरून ओठावर आला.
झाकणाची रिंग मीच बसवली होती,
ग्रीस लावून, बोट दोनदा फिरवून.
वर बघितलं नाही. चाखला.
खदानीचं पाणी गोडं.
हा खारट होता.

दोरीला हिसका आला: ठीक?
मी आतून पान्यानं एकदा ठोकलं.
एक म्हणजे ठीक.
मग, राहवेना म्हणून, आणखी एकदा.
आणि तेव्हा आठवलं, दोन म्हणजे काय ठरलं होतं ते.
साखळी ताठ झालीसुद्धा.