पास्कोलमामाच्या नावाचा अर्थ

कोळेकल्याणच्या गावठाणात,
जिथे विमानं कौलांना पोट घासत उतरतात,
पास्कोलमामा गुरुवारी रात्री
देवळातल्या घंटेचा दोर गुंडाळून खिळ्याला टांगतो
आणि कपाटामागून लाकडी खटखट्या काढतो.
शनिवारच्या रात्रीपर्यंत आता धातू बोलणार नाही.

"घंटा कुठे गेली?" विचारतं फिलूचं पोर.
फ्रान्समध्ये म्हणे घंटा उडत रोमला जातात,
परत येताना बागेत अंडी टाकतात.
हे क्लेरिसने फोनवर सांगितलं,
ती तिकडे म्हाताऱ्यांची उशापायथ्याची कामं करते.
मामा म्हणाला, आपलीला पासपोर्ट नाही.
वरच आहे. गप्प आहे.
गप्प बसणं हेही कामच असतं, बाबा.

आंतोन जहाजावर खानसामा.
पोलंडच्या बंदरात, सणाच्या दुसऱ्या दिवशी,
चार पोरांनी त्याच्यावर बादली ओतली.
दात वाजत होते तरी हा हसत सुटला,
त्याला वाटलं, धुळवड इथवर चालत आली.
ग्रीसमध्ये त्याने लाल अंडी आपटून पाहिली:
ज्याचं फुटत नाही, त्याचं वर्ष.
त्याचं फुटलं.
शर्ली मेलबर्नहून फोटो धाडते,
तिकडे आत्ता पानगळ,
वसंताचा सण आणि झाडं उघडी.

आमच्याकडे तरी कुठला वसंत?
मानेवर घामोळं, करंजाला पोपटी पालवी,
आणि चाळीस दिवसांच्या उपासानंतर
डोळ्यांपुढे तरंगणारं सोरपोतेल.

सण दरवर्षी जागा बदलतो.
दिवसरात्र समान झाल्यावरची पहिली पौर्णिमा,
तिच्यानंतरचा रविवार,
असं कुठल्याशा जुन्या धर्मसभेत ठरलं.
पिदादमावशीचा हिशोब त्याहून सोपा:
मागच्या गल्लीत मारुतीच्या देवळात
सुंठवडा वाटला, की आपण काजू भिजत घालायचे.
ज्या वर्षी होळीच्याच मागोमाग येतो,
त्या वर्षी ती चंद्रालाही शिव्या घालते.
बदाम परवडत नाहीत, म्हणून काजू;
सासूचा साचा, दोन अर्धुकं,
मध्ये पोकळी,
वर गुलाबी साखरेची वेल.

मामाचा जन्म याच रविवारचा,
म्हणून पास्कोल.
सत्तर वर्षं नाव वापरलं, अर्थ विचारला नाही.
सेमिनरीतून सुट्टीवर आलेल्या ग्लेनने सांगितला:
पास्खा, मूळ इब्री.
ओलांडून जाणं.
मिसर देशात एका रात्री मरण घरोघर फिरलं;
ज्या चौकटीला कोकराचं रक्त होतं,
ते दार ओलांडून पुढे गेलं.

मामाने वळून आपली चौकट पाहिली.
तिथे तांबड्या रंगात आकडा होता,
मोजणीवाल्यांनी माघी पौर्णिमेच्या सुमारास घातलेला,
पाडायच्या घरांच्या यादीतला.
"ओलांडून गेलं तर बरं होईल,"
म्हणाला, आणि खटखट्याला तेल लावत बसला.

शनिवारी रात्री सगळे दिवे घालवले.
अंगणात नवा विस्तव, त्यावरून मोठी मेणबत्ती,
मग एकमेकांच्या वातीवरून वात,
पदर सांभाळत, पोरांचे केस सांभाळत,
फिलूच्या हातावर मेण सांडलं, ती देवळात बोलू नये ते बोलली.
आणि ग्लोरियाला
मामाने खिळ्यावरचा दोर उतरवला.
पहिला ठोका विमानाने गिळला.
दुसरा ऐकू आला.

रात्री एक वाजता घरी.
पोराने वाटेतच अंडं फोडलं होतं.
"आत काहीच नाही," म्हणालं, रुसून,
आणि चपला काढायला चौकटीला हात टेकला.

सकाळी मामा ओलं फडकं घेऊन दारात आला.
तांबड्या आकड्यावर
पाच बोटं, गुलाबी, साखरेची,
मुंग्यांनी अर्धी वाचलेली.
बराच वेळ उभा राहिला.
मग फडकं पिळून
दोरीवर वाळत घातलं.