एका कांद्याचा फरक

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मी तोलणार.
एकवीस वर्षं.
गोण काट्यावर चढायच्या आधीच
तिचं पोट बघून सांगतो :
सत्तेचाळीस. फार तर साडेसत्तेचाळीस.
आणि आज वाशीत, सेक्टर नऊच्या दुकानात,
छेडाशेठनी काउंटरवर मांडलेल्या
सहा सॉफ्टबॉल बॅटींसमोर
माझे हात अडाणी.

वजन औंसात लिहिलेलं.
लांबी इंचात.
आणि प्रांजल, वय अकरा,
त्यातली सगळ्यात लांब, काळी-जांभळी उचलून
आरशात बघतेय.
रेश्माताईची अशीच आहे म्हणे,
आणि रेश्माताई जिल्ह्याकडून खेळते.

मलाही तीच पटली होती, खरं सांगतो.
आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचंच घेतात.
गणवेशाला चार बोटं दुमड,
बुटाच्या टोकात कापूस,
सायकल अशी, की पहिलं वर्ष नुसती ढकलायची.
पुढच्या वर्षीच्या पोरीसाठी
या वर्षीच्या पगारातून खरेदी.

पण घरत मॅडमनी चिठ्ठी दिली होती,
वहीच्या कोपऱ्यावर घाईत लिहिलेली :
मूठ छातीच्या मधोमध टेकवा, बॅट हाताच्या रेषेत,
बोटं टोकावरून वळली पाहिजेत.
मग एका हातानं आडवी धरायला सांगा, खांद्याच्या उंचीला.
तीस मोजा.
तिच्या तोंडाकडे बघू नका, मनगटाकडे बघा.

मोजायला लागलो.
नऊपर्यंत ती हसत होती.
चौदाला ओठ मिटले.
सतराला जांभळं टोक खाली येऊ लागलं,
भरत्या पारड्यासारखं,
कुणाला न विचारता.
"नाही थरथरत," ती म्हणाली.
मी गप्प.
काट्याशी वाद घालणारे रोज बघतो.

मग निळी. दोन इंच आखूड, मुठीला बारीक.
तीस झाले. चाळीस झाले.
पन्नासला तीच म्हणाली, "पप्पा, बस ना, कळलं."
रंग आवडला नव्हता तिला.

शेठनी मोबाइलवर हिशेब करून दाखवला :
दोन्हींत फरक तीन औंस.
म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम.
म्हणजे एक कांदा. मध्यम.
एवढा तर गोण आपटली की
सालपटांतून उडून जातो,
एवढ्यासाठी बाजारात कुणी मान वळवत नाही.
पण तोच कांदा हाताच्या लांबीपलीकडे, टोकाला बांधा,
आणि चेंडू सुटलाय,
आणि मनगट एवढंसं,
माझ्या दोन बोटांच्या कड्यात मावणारं.

पुढच्या वर्षीची बॅट
या वर्षीच्या चेंडूला पोचत नाही.
हे मला गणवेशानं कधी शिकवलं नव्हतं.

निळीच घेतली. दोनशे कमी केले शेठनी,
वर मुठीची टेप दिली. जांभळी.
स्कूटरवर मागे बसून
कोपरखैरण्यापर्यंत एक शब्द बोलली नाही,
पण बॅट दोन्ही हातांनी धरली होती
आणि मला एकानंही नाही.

रविवारी मैदानात
पहिल्याच पाळीला तीन चेंडू, तिन्ही हुकले.
मी जाळीमागे. वाटलं, चुकलं माझं माप.
घरत मॅडम माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,
"इतके दिवस उशिरा यायची. आज लवकर येतेय.
लवकर येणारीला थांबायला शिकवता येतं."

सोमवारी पहाटे पहिला ट्रक लागला.
फाटक्या गोणीतून घरंगळलेला एक कांदा उचलला,
हात आडवा ताणून उभा राहिलो.
एक, दोन, तीन...
अकराला मागून हमाल ओरडला,
"ओ तोलणार, काटा रिकामाय!"